कांदा पारखून, चूर्ण मात्र डोळे झाकून

लोणंदच्या बाजारात कांद्याचा लिलाव एकदा पाहावा. व्यापारी ढिगात हात घालतो, कांदा दाबून पाहतो, पत्ती सुटली आहे का, मान जाड आहे का हे न्याहाळतो. गोळा माल वेगळा, गोल्टी वेगळी, भावही वेगळा. याच गावात, आणि महाराष्ट्रातल्या कुठल्याही गावात, रक्तातली साखर वाढल्याचे कळले की कुणाच्या तरी सांगण्यावरून बिनलेबलाची पुडी घरात येते आणि सकाळी अनशापोटी सुरू होते. आत कारले किती, जांभळाची बी किती, हे विचारण्याची गरज कुणाला वाटत नाही.

झाडपाला म्हणजे थोतांड, असे मात्र म्हणता येणार नाही. मधुमेहाची जगभर सर्वाधिक दिली जाणारी गोळी, मेटफॉर्मिन, तिचे मूळ गलेगा नावाच्या झुडपात सापडते. १८९१ च्या सुमारास अमेरिकेतल्या युटा राज्यात हे झुडूप वैरण म्हणून आणले गेले आणि पुढे तण होऊन बसले, कारण ते जनावरांना विषारी ठरले. मेंढ्या राखणाऱ्याला त्याचा अर्थ वेगळा सांगायला नको. त्यातले द्रव्य साखर उतरवत होते, पण ते जसेच्या तसे माणसाला देणे धोक्याचे होते. रसायनशास्त्रज्ञांनी त्याच कुळातले सौम्य द्रव्य १९२२ मध्ये तयार केले आणि पॅरिसच्या डॉ. जाँ स्टेर्न यांनी १९५७ मध्ये ते मधुमेहींसाठी पुढे आणले. सफरचंदाच्या झाडाच्या सालीतले फ्लोरिझिन तर १८३५ सालीच हाती लागले होते. त्याचा माग काढत निघालेली डापाग्लिफ्लोझिनसारखी औषधे आज जादा साखर लघवीवाटे बाहेर काढतात. झुडपापासून गोळीपर्यंतच्या या वाटेवर विष वेगळे काढले गेले आणि मात्रा ठरली. पुडीत नेमके तेच झालेले नसते.

आपल्याकडेही गुणाच्या वनस्पती आहेत. गुडमारचे पान चावून वर साखर खाल्ली तर ती वाळूसारखी लागते. कोकणातल्या सप्तरंगीच्या मुळातली द्रव्ये आतड्यात पिष्टाची साखर होण्याचा वेग कमी करतात. अकार्बोज ही गोळीही तेच काम करते. बिबळ्याच्या, म्हणजे विजयसारच्या लाकडाचा पेला तर अनेक घरांत असतो: रात्री पाणी भरायचे, सकाळी प्यायचे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने विजयसारची चाचणी नव्याने निदान झालेल्या ९७ रुग्णांवर घेतली. १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार बारा आठवड्यांत त्यांपैकी ६७ जणांची साखर आटोक्यात आली. आकडा उमेद देणारा आहे. पण ती खुली चाचणी होती, म्हणजे कोण काय घेत आहे हे रुग्णाला आणि डॉक्टरला ठाऊक होते. शिवाय तिथे मोजून दिलेला अर्क होता, जत्रेत घेतलेला पेला नव्हे.

लठ्ठपणाचे गणित आपल्याकडे आणखी फसवे आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा एकत्र फोटो ‘लॅन्सेट’ने २००४ मध्ये छापला. उंची-वजनाचा निर्देशांक दोघांचा एकच, २२.३. अंगातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के, याज्ञिक यांची २१.२ टक्के! वरून सडपातळ आणि आतून स्थूल, अशी ही आपली ठेवण. पोटात आणि यकृतात चरबी साठली की इन्सुलिन असूनही नीट लागू पडत नाही. २०२३ मध्ये जाहीर झालेल्या राष्ट्रीय पाहणीत देशातले मधुमेही १० कोटींच्या वर निघाले. आणि वजन खरोखर उतरले तर काय होते? ब्रिटनमधल्या २०१७ च्या एका चाचणीत कडक आहार पाळणाऱ्या जवळपास निम्म्या रुग्णांचा मधुमेह वर्षभरात औषधांशिवाय मागे हटला होता. कोणत्याही चूर्णाने असे करून दाखवलेले नाही.

‘आयुर्वेदिक आहे, अपाय तर नाही ना?’ हे वाक्य सर्वात महागात पडते. मुंबईतल्या डॉक्टरांनी २०२० च्या अखेरीस गुळवेल घेणाऱ्या सहा रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याची नोंद केली. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला: ती गुळवेलच होती, तिच्यासारखी दिसणारी दुसरी वेल नव्हती, हे आधी तपासायला हवे होते. दोघांत कोण बरोबर हा वाद बाजूला ठेवला, तरी रुग्णाने नेमके काय गिळले हाच वादाचा मुद्दा व्हावा, यातच सगळे आले.

मधुमेह आणि लठ्ठपणा बरा करण्याच्या जाहिरातींना १९५४ चा कायदा बंदी घालतो. तरीही भिंतींवर आणि मोबाइलवर त्या झळकत असतात. कारवाईची वाट पाहण्यापेक्षा वाचकांनी एक करावे: घरात जी पुडी, बाटली किंवा काढा चालू असेल तो पुढच्या तपासणीला डॉक्टरांसमोर ठेवावा, चालू गोळी परस्पर बंद करू नये आणि तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी एचबीएवनसी चाचणी करून घ्यावी. डॉक्टरांनीही न रागावता विचारावे, म्हणजे रुग्ण पुडी लपवणार नाहीत.