टीव्हीतले शब्द कळेनात? स्पीकर घरीच करा

मुलाकडे बंगळूरला राहायला आलेल्या आईवडिलांच्या घरात संध्याकाळी एक प्रश्न हमखास ऐकू येतो : "काय म्हणाला रे तो?" टीव्हीवर मराठी मालिका चालू असते, तिचा आवाज शेजारच्या फ्लॅटपर्यंत पोचलेला असतो, आतल्या खोलीत नातवाचा अभ्यास अडलेला असतो आणि तरीही आजोबांना संवाद कळत नाहीत. सगळे खापर मग त्यांच्या कानांवर फुटते.

कानांचा दोष असतोही. वयाबरोबर बारीक, उंच आवाज आधी कमी ऐकू येतात. तेव्हा डॉक्टरांकडून कान तपासून घ्यावेतच. पण टीव्हीही अगदी निर्दोष नसतो. पातळ टीव्हीत स्पीकरला जागाच उरलेली नाही. तो बहुधा खाली किंवा मागे तोंड करून बसवलेला असतो. भिंतीवर आपटून येणारा आवाज वाढवला की मोठा होतो, स्वच्छ होत नाही.

जुन्या लाकडी रेडिओवरच्या बातम्या याच आजोबांना शब्दन् शब्द कळत. त्या रेडिओत बहुधा कागदी शंकूचा एकच स्पीकर असे, ऐकणाऱ्याकडे तोंड केलेला. अमेरिकेत राइस आणि केलॉग यांनी १९२५ मध्ये ज्या प्रकारचा स्पीकर मांडला, त्याचाच हा वंशज. पुढे कामाची वाटणी झाली : जाड आवाज मोठ्या स्पीकरला, बारीक आवाज छोट्या ट्वीटरला. ही वाटणी अनेकदा २,००० ते ३,००० हर्ट्झच्या आसपास होते आणि नेमक्या त्याच पट्ट्यावर व्यंजने ओळखू येणे बरेच अवलंबून असते. वाटणी नीट केली तर काही बिघडत नाही. स्वस्त सेटमध्ये ती नीट होतेच असे नाही.

तीन-चार इंची 'फुल-रेंज' स्पीकरमध्ये ही भानगडच नसते. एकच शंकू सगळा आवाज काढतो. जपानमधले ध्वनिसमीक्षक तेत्सुओ नागाओका (१९२६-२०००) यांनी अशा छोट्या स्पीकरसाठी घरी बनवता येणाऱ्या शेकडो पेट्यांचे आराखडे काढले. घरच्या वापराला त्यातल्या गुंतागुंतीची गरज नाही. एक साधी बंद पेटी पुरते.

बंगळूरमध्ये सामान मिळण्याचे ठिकाण म्हणजे जुन्या पेठेतला सदर पत्रप्पा रस्ता, लोकांच्या तोंडी 'एस. पी. रोड'. मुंबईकरांना लॅमिंग्टन रोड आठवेल. तिथे डब्यावरच्या वॅटच्या आकड्याला भुलू नये. १९९०च्या दशकात 'पीएमपीओ'चे हजारो वॅट टेपरेकॉर्डरवर मिरवत असत; त्यातलाच हा प्रकार. त्यापेक्षा दोन्ही हातांच्या बोटांनी शंकू अलगद दाबून पाहावा. खरखर लागली तर स्पीकर परत द्यावा. ८ ओहमचा स्पीकर मल्टिमीटरवर ६ ते ७ ओहम दाखवतो, तेवढे बरोबर आहे. दोन्ही स्पीकर एकाच जातीचे घ्यावेत.

घरी आल्यावर मुलांना एक गंमत जरूर दाखवावी. उघडा स्पीकर हातात धरून गाणे लावले की आवाज पत्र्यासारखा येतो. तोच बुटांच्या खोक्याला भोक पाडून त्यावर दाबून धरला की आवाजाला एकदम अंग येते. शंकू पुढे जाताना पुढची हवा दाबली जाते, तर मागची विरळ होते. दोन्ही एकमेकींना मिळाल्या की खर्ज नाहीसा होतो. पेटीचे मुख्य काम म्हणजे या दोघींची गाठ पडू न देणे.

तीन इंची स्पीकरला साधारण तीन लिटरची पेटी करून पाहावी. आतून १२ सेंमी रुंद, १२ सेंमी खोल, २१ सेंमी उंच. प्लायवूड १२ मिलिमीटरचे घेऊन सुताराकडून काटकोनात कापून आणावे. घरच्या करवतीचा हट्ट धरू नये, सांधे तिथेच बिघडतात. भोकाचे माप हातातल्या स्पीकरवरूनच घ्यावे. सांधे फेविकॉलने जोडून, फटी भुसा-फेविकॉलने बुजवून पेटी हवाबंद करावी. आत जुन्या उशीतला कापूस सैल भरावा. सगळे जमले की नाही याची खूण सोपी आहे : शंकू हलकेच दाबून सोडला की तो सावकाश परत येतो.

दीड व्होल्टचा सेल स्पीकरला क्षणभर लावावा. शंकू बाहेर आला तर सेलचे अधिक टोक जिथे लागले, तिथे लाल खूण. दोन्ही स्पीकर याच खुणेने जोडले नाहीत, तर बोलणारा माणूस पडद्यावर आणि त्याचा आवाज भलतीकडे, असे होते. १२ व्होल्टच्या तयार अडॅप्टरवर चालणारा छोटा ॲम्प्लिफायर घ्यावा. भिंतीतल्या विजेशी हौशी माणसाने खेळू नये.

या पेटीतून लग्नाच्या मांडवाचा दणदणाट निघणार नाही. पखवाजाचा खोल नाद उणा वाटेल, आणि कोपऱ्यात बसलेल्याला बारीक आवाज जरा कमीच येतील. घरातल्या तरुणांची नाराजी गृहीत धरावी.

पेट्या टीव्हीच्या दोन बाजूंना, भिंतीलगत, बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीवर ठेवाव्यात आणि त्यांची तोंडे आजोबांच्या खुर्चीकडे वळवावीत. टीव्हीचा स्वतःचा स्पीकर बंद करावा. मग सातच्या बातम्या लावून ॲम्प्लिफायरचे बटण पहिल्यांदा त्यांच्याच हाती द्यावे.