दुकानाची पाटी आणि गूगलचा दरवाजा

जगभरची मुले ज्या चिवट अस्वलगोळ्या आवडीने खातात, त्या 'हारिबो'च्या नावात एक गाव दडलेले आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असते. हान्स रीगेल नावाच्या मिठाईवाल्याने १९२० साली जर्मनीतील बॉन शहरात धंदा सुरू केला. आपल्या नावाची दोन अक्षरे, आडनावाची दोन आणि गावाची दोन जोडून त्याने रोमन लिपीत पाटी लिहिली. माल कोणाचा आणि कुठला, हे दोन्ही त्या पाटीत आले. कंपनीची मुख्य कचेरी २०१८ साली शेजारच्या ग्राफशाफ्ट गावी गेली, तरी नावातले बॉन तसेच राहिले आहे.

आता पाटी रस्त्यावर कमी वाचली जाते आणि गूगलवर अधिक. म्हणूनच बॉनमधील आपल्या लोकांच्या लहान दुकानांविषयी चार शब्द लिहावेसे वाटतात. आमच्या परिचयाचे एक मराठी कुटुंब तेथे किराणा मालाचे दुकान चालवते. डाळी, मसाले, पोहे, पापड सारे काही आहे. वेबसाईटही आहे, पण तिच्याकडे दिवसाकाठी फिरकतात चार-दोन माणसे, आणि त्यांतली निम्मी घरचीच! हे पाहून एका सल्लागार कंपनीने 'सहा महिन्यांत गूगलवर पहिला नंबर' असे वचन दिले आणि दरमहा फी लावली. वर्ष उलटले. नंबर आला नाही, फी मात्र वेळच्या वेळी जात राहिली. लहान दुकानाला ही रक्कम म्हणजे एका मुलाच्या शिक्षणाचा खर्च असतो.

अशा वचनावर एक पैसाही खर्च करू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. पहिल्या जागेची हमी कोणीही देऊ शकत नाही, हे गूगल स्वतःच जाहीरपणे सांगते. नकाशाबरोबर आसपासच्या दुकानांची जी यादी दिसते, तिच्यातही वरची जागा पैसे देऊन मिळत नाही. जाहिरातीची गोष्ट वेगळी. ती पैशाची असते आणि तिच्यावर तसे लिहिलेलेही असते.

लबाडीचे मार्ग सुचवणारेही पुष्कळ भेटतात. त्यांनी जर्मनीतीलच एक उदाहरण लक्षात घ्यावे. २००६ च्या फेब्रुवारीत बी.एम.डब्ल्यू. या बड्या मोटार कंपनीची जर्मन वेबसाईट गूगलने आपल्या यादीतून काढून टाकली होती. यंत्राला दाखवायची पाने वेगळी आणि माणसाला दाखवायची वेगळी, असा तेथे प्रकार होता. ती पाने काढल्यावर कंपनी काही दिवसांत परत यादीत आली. तिचे नाव घरोघर ठाऊक असल्याने तिचे फारसे बिघडले नाही. किराणा दुकानावर अशी पाळी आली तर त्याला कोण विचारणार?

मग करावे काय? आम्ही शिक्षक मंडळी, आम्हाला यात आमच्या प्रशिक्षणातलाच एक धडा दिसतो. मुलाला फळ्यावरचा शब्द कळत नसेल तर शब्द बदलायचा, मुलाला दोष द्यायचा नाही. या दुकानाच्या वेबसाईटवर इंग्रजीत लिहिले आहे, 'उत्कृष्ट दर्जा, तत्पर सेवा'. हे शब्द कोणी शोधतच नाही. जर्मन गृहिणी शोधते लिन्झेन, म्हणजे आपली डाळ. जिऱ्याला ती क्रॉइत्सक्युमेल म्हणते आणि पोह्यांना राइसफ्लोकन. बॉनमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या कचेऱ्या आहेत, हवामान बदलाची कचेरी तर १९९६ पासून तेथे आहे. तेथील देशोदेशीचे कर्मचारी बहुधा इंग्रजीतच शोधणार. पुण्याहून शिकायला गेलेला मुलगा कधी मराठीत 'पोहे' लिहील, कधी रोमन अक्षरांत. या सर्वांना त्या एकाच दुकानात जायचे असते, पण दुकानाने त्यांच्यापैकी एकाचाही शब्द लिहिलेला नसतो!

म्हणून प्रत्येक मुख्य जिन्नसाचे एक साधे पान करावे. त्याची सगळी नावे, जाड पोहे की पातळ, भिजवायचे कसे, किंमत काय, हे दोन-तीन परिच्छेदांत लिहावे. भावांची यादी फोटो काढून चिकटवू नये, अक्षरांत लिहावी. हे काम परक्या सल्लागारापेक्षा गल्ल्यावर बसणारी बाई चांगले करील, कारण गिऱ्हाईक कोणत्या शब्दांनी मागते हे ती रोज ऐकते.

दुसरी गोष्ट ठिकाणाची. जवळच्या दुकानांची यादी करताना गूगल तीन गोष्टी पाहते: मागणीशी मेळ, अंतर आणि दुकानाचा लौकिक. अंतर काही आपल्या हातात नाही, पण बाड गोडेसबर्ग की बॉयल, हे पत्त्यात स्पष्ट लिहिणे हातात आहे. जर्मन कायद्याप्रमाणे व्यापारी वेबसाईटवर मालकाचे नाव, पत्ता आणि संपर्क द्यावाच लागतो. त्या पानाला तेथे 'इम्प्रेसुम' म्हणतात. बरेच जण हे पान कंटाळा करून भरतात, आणि तेथला पत्ता एक तर नकाशावरचा दुसरा! वेळा तर हमखास जुन्या असतात. बंद दारापाशी येऊन परत गेलेले गिऱ्हाईक पुन्हा सहसा येत नाही, आणि जाताना गूगलवर दोन ओळी वाईट लिहून जाते ते निराळेच. चांगल्या ओळी विकत घेण्याचा उद्योगही चालतो, पण २०२२ पासून जर्मनीत खोटे अभिप्राय कायद्याने स्पष्टपणे बंद आहेत.

एवढे सगळे केले तरी दरवाजा दुसऱ्याच्याच हातात राहतो, हे विसरता येत नाही. आपल्या मॉरिशसच्या जुन्या बुतिकमध्ये उधारीची वही असे. कोणाच्या घरी किती माणसे, कोणाला पगार कधी मिळतो, सारे त्या वहीत. वही दुकानदाराची होती. आज गिऱ्हाइकाची माहिती गूगलच्या वहीत जमा होते. गंमत अशी की या वहीवर लक्ष ठेवणारी सरकारी कचेरी बॉनमध्येच आहे. १९९९ मध्ये जर्मनीची संसद बॉनहून बर्लिनला गेली आणि त्याच वर्षी मक्तेदारीविरोधी खाते, बुंडेसकार्टेलआम्ट, बर्लिनहून बॉनला आले. या खात्याने जानेवारी २०२२ मध्ये आपला निर्णय जाहीर केला. जर्मनीत सर्वसाधारण शोधाच्या बाजारात गूगलचा वाटा ८० टक्क्यांहून अधिक आहे आणि अनेक बाजारांवर तिची पकड आहे, म्हणून तिला विशेष देखरेखीखाली आणले. निर्णयाची मुदत पाच वर्षांची ठेवली.

सरकारी देखरेख हवीच. ज्यांच्या पोटाचा प्रश्न आहे त्यांना मोठ्या कंपनीशी एकट्याने भांडता येत नाही. पण दुकानदारानेही आपली वही आपल्या हाती ठेवावी. स्वतःच्या नावाची वेबसाईट सोडून केवळ दुसऱ्याच्या पानावर दुकान थाटू नये. जी गिऱ्हाइके खुशीने पत्ता देतील त्यांना नवा माल आल्याचे थेट कळवावे. गावातील भारतीय मंडळ, योगवर्ग, शेजारची खाणावळ यांच्या वेबसाईटवर दुकानाचा उल्लेख यावा. दुसऱ्या चांगल्या ठिकाणाहून येणारी वाट गूगलही मोजते, आणि गूगल नसले तरी त्या वाटेने माणसे येतातच.

त्या कुटुंबाला आम्ही एवढेच कळवले आहे की फी बंद करा आणि गणेशचतुर्थीच्या तयारीला आताच लागा. नवे पान गूगलच्या नजरेस पडायला कधी काही दिवस लागतात, कधी काही आठवडे. मोदकाच्या पिठाचे पान चतुर्थीच्या आदल्या दिवशी लिहून उपयोग नाही. ते दीड महिना आधी लिहावे, त्यात राइसमेल हा जर्मन शब्द घालावा, आणि त्या आठवड्यात दुकान किती वाजेपर्यंत उघडे राहील तेही लिहावे.