‘थोडं ऑइल खाणारच’ हे उत्तर नव्हे

हप्त्यावर घेतलेली नवी पिकअप. वॉरंटी अजून चालू आहे, पण दोन सर्व्हिसिंगच्या मध्येच ऑइलची पातळी पट्टीच्या खालच्या खुणेला टेकते. मालक सर्व्हिस सेंटरला जातो, तर काउंटरवरून उत्तर येतं, ‘‘इंजिन आहे, थोडं ऑइल खाणारच.’’ गॅरेजवाला म्हणतो, ‘‘जाड ऑइल टाका, थांबेल.’’ आणि लाइनवरचे गाडीवाले सांगतात, ‘‘डबा सीटखाली ठेव, कमी झालं की ओत.’’ या तिन्ही सल्ल्यांनी गाडी उभी राहत नाही, म्हणून ते लोकांच्या गळी उतरतात. पण दोष त्यांपैकी कशानेच सापडत नाही, आणि तो सापडेपर्यंत वॉरंटी संपलेली असते.

पहिल्या उत्तरात तथ्य आहे, ते आधी मान्य करतो. सिलिंडरच्या भिंतीवर ऑइलचा पातळ थर राहायलाच हवा, नाहीतर पिस्टन जाम होईल. त्या थरातलं थोडं ऑइल प्रत्येक फेरीत जळतं. इंजिन नवं असताना रिंगा बोअरमध्ये बसेपर्यंत हे प्रमाण जरा जास्त असतं. आजची इंजिनं मायलेजसाठी बांधलेली असतात. घर्षण कमी व्हावं म्हणून रिंगांचा ताण कमी ठेवतात आणि ऑइलही पूर्वीपेक्षा पातळ वापरतात. थेंबभरही ऑइल न जाळणारं इंजिन कुणी मागत नाही.

प्रश्न ‘थोडं’ म्हणजे किती, हा आहे. अमेरिकेत जनरल मोटर्सने आपल्या वर्कशॉपना दोन हजार मैलांना एक क्वार्ट ही मर्यादा सांगितली होती, म्हणजे हजार किलोमीटरला सुमारे 300 मिली. फोक्सवॅगनच्या मॅन्युअलमध्ये हजार किलोमीटरला अर्ध्या लिटरपर्यंतचा खप मान्य धरलेला आढळतो. आता हाच अर्धा लिटर दहा हजार किलोमीटरच्या सर्व्हिसिंगला लावून बघा. पाच लिटर होतात, म्हणजे लहान इंजिनाचं आख्खं चेंबर. एवढं ऑइल जळणं नेहमीचं मानायचं असेल, तर ते गाडी विकताना शोरूममध्ये सांगितलं पाहिजे. तिथे मायलेज तोंडपाठ असतं, ऑइलच्या खपाबद्दल मात्र चकार शब्द निघत नाही.

‘खाणारच’ हा बचाव न्यायालयातही टिकतोच असं नाही. जनरल मोटर्सच्या 5.3 लिटर व्ही-8 इंजिनाच्या, 2011 ते 2014 या मॉडेल वर्षांतल्या सिल्व्हराडो आणि सिएरा पिकअप व त्याच इंजिनाच्या मोठ्या एसयूव्ही ऑइल खातात, अशी तक्रार घेऊन मालक 2016 मध्ये कोर्टात गेले. रिंगा ऑइल अडवत नाहीत, असं त्यांचं म्हणणं होतं. या इंजिनात भार कमी असताना निम्मे सिलिंडर बंद ठेवण्याची सोय आहे, आणि ऑइलच्या खपाच्या चर्चेत तिचंही नाव वारंवार येत असे. कंपनी निकालापर्यंत लढली. ऑक्टोबर 2022 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या संघीय न्यायालयातल्या ज्यूरीने मालकांच्या बाजूने 10 कोटी 26 लाख डॉलरचा निवाडा दिला. सुमारे 38 हजार मालक धरले, तर माणशी 2,700 डॉलर. या मालकांना वर्षानुवर्षं ‘ऑइल टाकत राहा’ हेच ऐकावं लागलं होतं.

फोर्डचं उदाहरण मला याहून जास्त बोलकं वाटतं. 2018 ते 2020 च्या एफ-150 पिकअपमधल्या 5.0 लिटर इंजिनांबद्दल अशाच तक्रारी आल्या. डिसेंबर 2019 मध्ये कंपनीने वर्कशॉपना सूचना पाठवली. इंजिनाच्या संगणकाचा प्रोग्रॅम बदला, ऑइल बदला आणि डिपस्टिकही बदला. नव्या पट्टीवर दोन खुणांमधलं अंतर वाढवलेलं होतं. प्रोग्रॅम बदलण्यामागे तांत्रिक कारण असू शकतं. उतारावर पेट्रोल तोडलं की सिलिंडरमध्ये पोकळी वाढते आणि ऑइल वर ओढलं जातं. पण पट्टी बदलल्याने इंजिन एक थेंबही कमी जाळत नाही. मालकाला धोक्याची खूण उशिरा दिसते, एवढंच होतं. दुरुस्तीच्या यादीत मोजण्याचं साधन बदलणं यावं, याची मला चीड येते.

आता आपल्याकडच्या गाड्यांकडे येऊ. 1 एप्रिल 2020 पासून बीएस-6 आलं आणि डिझेल पिकअपच्या सायलेन्सरमध्ये काजळी पकडणारा फिल्टर बसला. तेव्हापासून जुने आडाखे चुकायला लागले आहेत. पूर्वी ऑइल जळलं की निळा धूर दिसायचा. आता बराच धूर फिल्टरच गिळतो, त्यामुळे ‘धूर नाही म्हणजे ऑइल जळत नाही’ हे म्हणणं खरं राहिलेलं नाही. पट्टीसुद्धा फसवू शकते. फिल्टरमधली काजळी जाळण्यासाठी इंजिन जादा डिझेल सोडतं. गाडी गावातल्या गावात फिरत असेल आणि ही जाळणी सारखी अर्ध्यात तुटत असेल, तर त्यातलं काही डिझेल भिंतीवरून ओघळून चेंबरमध्ये जातं. वरून ऑइल जळतंय, खालून डिझेल मिसळतंय, आणि पातळी जागच्या जागी. मालक निर्धास्त असतो, पण बेअरिंगला मिळतं ते पातळ झालेलं ऑइल. पट्टीला डिझेलचा वास आला किंवा न टाकता पातळी वर चढली, तर टॉप-अप करू नका. ऑइल बदला आणि कारण शोधा.

जाड ऑइलचा सल्ला इथेच सर्वांत महाग पडतो. 20W-50 टाकल्यावर खप काही दिवस कमी दिसतो, हे खरं. पण पहाटे थंड इंजिन सुरू होताना ते टर्बोच्या बेअरिंगपर्यंत उशिरा पोचतं. शिवाय बीएस-6 डिझेलला कमी राख सोडणारं ऑइल लागतं. ऑइलमधल्या रसायनांची राख काजळीसारखी जळून जात नाही, ती फिल्टरमध्ये साचतच राहते. सुटं, स्वस्त ऑइल टाकून वाचवलेले पैसे फिल्टरच्या एका बिलात जातात. आणि मॅन्युअलमध्ये लिहिलेली ग्रेड सोडली, की वॉरंटी नाकारायला कंपनीच्या हातात आयतं कारण दिलंत म्हणून समजा.

‘तुम्ही ओव्हरलोड करता’ हाही आक्षेप घेतला जातो. पासिंगपेक्षा जास्त माल भरला तर इंजिन तापतं, रिंगांवर ताण येतो, आणि तो दोष मालकाचा. पण ज्या गाडीच्या नावातच 1.3 टन किंवा 1.7 टन लिहून ती विकली, तिने तेवढा माल घेऊन घाट चढणं हा तिचा रोजचा वापर आहे. टोमॅटोचे क्रेट घेऊन नारायणगावहून वाशीला जाणारी पिकअप रिकामी जाणार नाही, हे बनवणाऱ्याला ठाऊक असतं.

मग करायचं काय? आधी मोजा. गाडी सपाट जागेवर उभी करून गरम इंजिन बंद करा, दहा मिनिटं थांबा, वरच्या खुणेपर्यंत ऑइल भरा आणि किलोमीटरचा आकडा लिहा. खुणेच्या वर भरू नका. जादा ऑइल क्रँकने घुसळलं जातं आणि ब्रीदरमधून जळायला जातं. हजार किलोमीटरनंतर त्याच जागी, त्याच पद्धतीने मोजपात्राने भरा. जेवढे मिली लागले तेवढा तुमच्या गाडीचा खप. पुढचे हजारही असेच मोजा. आकडा उतरत असेल तर रिंगा बसत आहेत, चढत असेल तर बिघाड आहे. हे काम सर्व्हिस सेंटरकडून झाकणाला सील लावून करून घेता आलं, तर फारच उत्तम.

आकडा हातात आल्यावर इंजिन उघडायची घाई करू नका. रिंगा गेल्या म्हणून हेड उतरवलं आणि दोष भलत्याच ठिकाणी निघाला, तर त्या खर्चाला वाली नसतो. आधी गळती पाहा: क्रँकचं मागचं सील, ऑइल फिल्टरची बैठक, टर्बोची परतीची नळी. मग ब्रीदर तुंबलाय का ते. मग एअर फिल्टर आणि त्याच्या पाइपचे क्लिप, आणि इथे मी मुद्दाम थांबतो, कारण मुरमाच्या रस्त्यावर, ऊसतोडीत, वीटभट्टीवर चालणाऱ्या गाडीचं इंजिन धुळीने मरतं. एक ढिला क्लिप बारीक माती सरळ बोअरमध्ये नेतो आणि रिंगा घासून टाकतो. पाइपच्या आतून बोट फिरवा. माती लागली तर कारण तिथेच आहे. हे सगळं ठीक असेल तर टर्बोनंतरच्या नळीत ऑइल साचलंय का पाहायचं. हलका ओलसरपणा चालतो, थारोळं चालत नाही. त्यानंतर कंप्रेशन आणि लीक-डाउन चाचणी, आणि कॅमेरा घालून बोअर बघणं. एवढं झाल्यावरच पाना उचलावा.

आणि प्रत्येक भेटीला जॉबकार्डावर ‘ऑइल खाते’ एवढंच न लिहिता ‘हजार किलोमीटरला इतके मिली’ असं लिहून घ्या. कंपनीची मर्यादा किती, तेही लेखी मागा. तोंडी ‘नॉर्मल’ नंतर सिद्ध करणं अवघड जातं. पिकअप धंद्याची गाडी म्हणून ग्राहक आयोग दारात उभा करणार नाही, ही समजूतही खोटी आहे. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 मध्ये व्यापारी हेतूला मनाई आहे, पण स्वतः राबून केवळ पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू त्या मनाईतून वगळली आहे. स्वतःची पिकअप स्वतः चालवणारा माणूस त्यात बसू शकतो. दोष तपासणीशिवाय ठरत नसेल, तर वस्तू योग्य प्रयोगशाळेकडे पाठवण्याचा अधिकार जिल्हा आयोगाला आहे. तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांत ती दाखल करावी लागते. तेव्हा पहिलं माप याच आठवड्यात घ्या आणि तारखेसह लिहून ठेवा.