बीपीचं टेबल आणि सलूनची खुर्ची

आमच्या मंडळाला दोन महिन्यांपूर्वी इथल्या एका विद्यापीठाच्या सार्वजनिक आरोग्य विभागाकडून पत्र आलं. दक्षिण आशियाई लोकांमधला मधुमेह आणि रक्तदाब यावर त्यांना काम करायचं आहे आणि त्यासाठी मंडळाने 'कम्युनिटी पार्टनर' व्हावं, अशी विनंती. पत्र तसं साधंच होतं, पण कार्यकारिणीत बरीच वादावादी झाली. एकजण म्हणाले, "आपण काय यांचे गिनिपिग आहोत का?" दुसरे म्हणाले, "आपल्याकडे घराघरात डॉक्टर आहेत. आरोग्य विषमता वगैरे गोष्टी गरीब वस्त्यांसाठी असतात." शेवटी पत्र पुढच्या बैठकीपर्यंत बाजूला ठेवलं गेलं. मी कार्यकारिणीवर नाही, पण न्यू जर्सीत अठरा वर्षं औषधाच्या दुकानाच्या काउंटरमागे उभी आहे, म्हणून या विषयावर मला चार शब्द लिहावेसे वाटले. तुमच्या गावच्या मंडळालाही असं पत्र कधीतरी येईल, किंवा आलंही असेल.

आधी "विषमता आपल्यात नाही" या समजुतीबद्दल. अमेरिकेत आरोग्याचे आकडे लिहिताना आपल्याला बहुतेक वेळा 'एशियन' या एका रकान्यात टाकतात. चिनी, जपानी, फिलिपिनो, व्हिएतनामी आणि आपण, सगळे एकत्र. सरासरी काढली की चित्र छान दिसतं. शिकलेली, सडपातळ, दीर्घायुषी माणसं! आपलं दुखणं त्या सरासरीत बुडून जातं. ते बाहेर काढायला 'मसाला' नावाचा अभ्यास उभा राहिला. (नाव गंमतीचं आहे, काम गंभीर.) 2010 पासून सॅन फ्रान्सिस्को परिसर आणि शिकागो इथल्या 906 दक्षिण आशियाई स्त्रीपुरुषांची त्यांनी तपासणी केली आणि इतर समाजांशी तुलना केली. वय वगैरे जमेस धरून मधुमेहाचं प्रमाण निघालं आपल्यात 23 टक्के आणि गोऱ्यांमध्ये 6 टक्के. कृष्णवर्णीय, लॅटिनो, चिनी, सगळे आपल्या खाली. 2015 मध्ये अमेरिकन डायबेटिस असोसिएशनने एशियन लोकांची मधुमेहासाठी तपासणी 25 ऐवजी 23 बीएमआयपासूनच करा असं सांगितलं, आणि 2018 च्या कोलेस्टेरॉलच्या मार्गदर्शक सूचनांमध्ये 'दक्षिण आशियाई वंश' हाच धोका वाढवणारा घटक म्हणून लिहिला गेला. म्हणजे पगार, डिग्री, एडिसनचं घर यांनी आपल्याला त्या बाबतीत फारसं वाचवलेलं नाही.

आणि सगळ्यांकडे पगार आणि डिग्री आहे कुठे? माझ्या काउंटरवर साताऱ्याकडचे एक काका येतात. देशी किराणा दुकानात माल लावायचं काम करतात, विमा नाही. रक्तदाबाची गोळी रोख पैसे देऊन घेतात आणि अर्धी मोडून खातात, म्हणजे महिन्याची दोन महिने पुरते. टिफिन करणाऱ्या बायका, मुलं सांभाळायला राहिलेल्या मावशी, गॅस स्टेशनवर रात्रपाळी करणारी मुलं, शिवाय सहा-सहा महिने येऊन राहणारे आपले आईवडील. भारतातून येताना बॅगेत गोळ्यांच्या पट्ट्या मोजून आणतात, मुक्काम वाढला की त्या संपतात. व्हिजिटर इन्शुरन्स बहुतेक वेळा जुन्या आजाराला हात लावत नाही. ही मंडळी आपल्या गणपतीला येतात, महाप्रसादाच्या रांगेत असतात. कार्यकारिणीत मात्र नसतात. "आपल्याकडे घराघरात डॉक्टर आहेत" असं म्हणताना 'आपण' म्हणजे नेमके कोण, एवढंच मला विचारायचं आहे.

आता तुम्ही म्हणाल, मंडळ दरवर्षी आरोग्य शिबिर घेतंच की. घेतं, आणि मी स्वतः त्यात बसते. हॉलच्या कोपऱ्यात टेबल, त्यावर बीपीचं मशीन, शेजारी साखर तपासायची पट्टी. समोर मोदकांचं ताट घेऊन माणूस उभा असतो आणि आपण त्याला सांगतो, "काका, 168 आहे हो, डॉक्टरांना दाखवा." काका हो म्हणतात आणि जातात. पुढच्या वर्षी परत येतात, परत 168. मधल्या बारा महिन्यांत काय झालं हे कोणी विचारत नाही, विचारायची व्यवस्थाच नाही. याला आपण जनजागृती म्हणतो आणि वार्षिक अहवालात फोटो छापतो.

म्हणून लॉस एंजेलिसच्या सलूनांची गोष्ट सांगते. वैद्यकीय संशोधनात इतकं काउंटरवरच्या माणसाला पटणारं काम मी क्वचितच वाचलं आहे. कृष्णवर्णीय पुरुषांमध्ये रक्तदाबाचं प्रमाण खूप, आणि दवाखान्यात जाण्याचं प्रमाण कमी. डॉ. रोनाल्ड व्हिक्टर हे हृदयरोगतज्ज्ञ. त्यांनी विचार केला की हा माणूस नियमाने कुठे जातो? तर सलूनमध्ये. वर्षानुवर्षं त्याच न्हाव्याकडे, त्याच खुर्चीत. आधी टेक्सासमध्ये डॅलस भागात त्यांनी 17 सलूनांमध्ये प्रयोग केला. न्हाव्याने बीपी मोजायचं आणि डॉक्टरकडे जा म्हणून सांगायचं. फरक पडला, पण बेताचा. मग लॉस एंजेलिसमध्ये त्यांनी एक पायरी वाढवली. 52 सलून आणि 319 गिऱ्हाईकं घेतली. अर्ध्या सलूनांत न्हाव्याने नेहमीसारखा सल्ला द्यायचा, पथ्य पाळा, डॉक्टरला भेटा. उरलेल्या अर्ध्यांत फार्मसिस्टच सलूनमध्ये येऊन बसला. गिऱ्हाइकाच्या डॉक्टरांशी आधी करार करून ठेवलेला, त्यामुळे तिथेच बीपी मोजायचं, तिथेच औषध ठरवायचं, बोटातून थेंबभर रक्त घेऊन तपासणीही तिथेच, आणि पुढच्या महिन्यात पुन्हा हजर.

2018 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. सहा महिन्यांत फार्मसिस्ट असलेल्या सलूनांत वरचा रक्तदाब सरासरी 27 अंकांनी उतरला, नुसत्या सल्ल्याच्या सलूनांत 9 अंकांनी. 130/80 च्या खाली आलेले लोक पहिल्या गटात जवळजवळ 64 टक्के, दुसऱ्यात 12 टक्क्यांच्या आत. वर्षभरानंतरही फरक टिकला होता. 27 अंक म्हणजे काय हे ज्यांनी रक्तदाबाच्या गोळ्या दिल्या-घेतल्या आहेत त्यांना सांगायला नको.

यात दोन गोष्टी आहेत आणि बहुतेकजण पहिलीच ऐकतात. पहिली, विश्वासाच्या जागी जा. दुसरी, तिथे उपचार घेऊन जा. नुसता उपदेश घेऊन गेलात तर तुमचं बीपीचं टेबल होतं! सल्ल्याच्या गटातही न्हावी तोच होता, खुर्ची तीच होती, विश्वासही तोच होता. कमी होतं ते औषध आणि पुढच्या महिन्यात परत येणारं माणूस.

विश्वास सलूनमध्येच का शोधावा लागला, यालाही इतिहास आहे. अलाबामा राज्यात टस्कीगी इथे 1932 पासून सरकारी आरोग्य खात्याने सुमारे सहाशे कृष्णवर्णीय पुरुषांवर 'अभ्यास' केला. त्यातल्या 399 जणांना सिफिलिस होता. पेनिसिलिन हातात आल्यावरही त्यांना ते दिलं नाही, रोग कसा वाढतो ते बघत राहिले. 1972 मध्ये वर्तमानपत्रात बातमी फुटली तेव्हा कुठे ते थांबलं. त्यामुळे आमच्या कार्यकारिणीतल्या गिनिपिगच्या शंकेला मी हसत नाही. शंका बरोबर आहे, तिच्यातून काढलेलं उत्तर चुकीचं आहे. त्या शंकेतूनच अमेरिकेत संशोधनाची निराळी पद्धत पुढे आली. प्रश्न कोणता घ्यायचा इथपासून लोकांना बरोबर घ्यायचं, पैशात वाटा द्यायचा, निष्कर्ष आधी त्यांना सांगायचे. डेट्रॉइटमध्ये 1995 पासून विद्यापीठ, वस्तीतल्या संस्था आणि आरोग्य खातं असं मिळून काम चालू आहे. दार लावून घेण्यापेक्षा अटी घालून दार उघडणं त्यांनी पसंत केलं.

आपल्या लोकांना तर हे नवीन वाटायचं कारणच नाही. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समधून शिकून परत गेले आणि 1970 मध्ये तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यात जामखेडला त्यांनी काम सुरू केलं, गुरांच्या जुन्या दवाखान्याच्या जागेत. लोकांना आधी काय हवं होतं? पाणी आणि अन्न. औषध नंतर. मग गावातल्याच बायका आरोग्यसेविका झाल्या, कितीतरी जणींना लिहिता-वाचता येत नव्हतं, कितीतरी दलित घरांतल्या. जागतिक आरोग्य संघटनेने 1975 मध्ये जगभरातली अशी उदाहरणं गोळा केली त्यात जामखेड होतं, आणि 1978 च्या अल्मा आटा परिषदेमागे ज्या अनुभवांचं बळ होतं त्यातही.

गडचिरोलीचं उदाहरण मला सलूनच्या आणखी जवळचं वाटतं. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग, तेही हॉपकिन्सचेच. 'सर्च' संस्थेने 39 गावांत आरोग्यदूत तयार केले. या बायका बाळंतिणीच्या घरी जाऊन नुसतं "बाळाला जपा" सांगत नव्हत्या. जंतुसंसर्गाची लक्षणं ओळखून जेंटामायसिनचं इंजेक्शन घरातच देत होत्या. 1999 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आलेले आकडे असे: तिसऱ्या वर्षी त्या गावांत दर हजार जन्मांमागे नवजात मृत्यू 25.5, तुलनेच्या 47 गावांत 59.6. तेव्हा आठवी-नववी शिकलेल्या बाईच्या हातात इंजेक्शन दिलं म्हणून पुष्कळ डॉक्टरांच्या भुवया चढल्या होत्या, जशा इथे सलूनमधल्या फार्मसिस्टबद्दल अजून चढतात. आज भारतात आशाताई घरोघरी नवजात बाळ बघायला जातात त्याची वाट या कामातून गेली आहे.

सगळंच यशस्वी होतं असं नाही. शिकागो भागात 'सहेली' नावाचा प्रयोग खास दक्षिण आशियाई लोकांसाठी झाला, साधारण साडेपाचशे लोक. वस्तीतल्या संस्थांबरोबर भागीदारी, आपल्या जेवणाप्रमाणे बेतलेले वर्ग, व्यायाम, आपल्या भाषा. सगळं मनापासून केलेलं. वर्षभरानंतर वजन, रक्तदाब, साखर, कोलेस्टेरॉल यांत नुसती छापील माहिती दिलेल्या गटापेक्षा फरक दिसला नाही. काही लोक यावरून म्हणतील की भागीदारी म्हणजे फुकटचा खटाटोप. मला ते पटत नाही. मी त्याचा अर्थ असा लावते की वर्ग कितीही आपलासा केला तरी तो वर्गच. साताऱ्याच्या काकांना पालक पनीरमध्ये तेल कमी घाला हे कळतं, त्यांना परवडणारी पूर्ण गोळी हवी आहे.

आपल्या समाजाची एक अडचण मात्र मान्य करायला हवी. मंडळ हे आपलं सलून आहे का? मला शंका आहे. न्हाव्याच्या खुर्चीत माणूस मोकळा होतो, मंडळात आपण नेसून-सजून जातो. मुलीचं लग्न ठरायचंय तोवर घरातला मधुमेह कोणाला कळू नये म्हणून दोन गावं सोडून माझ्या दुकानात येणारी माणसं मला माहीत आहेत. आपली खरी जागा कदाचित किराणा दुकानाचा मागचा भाग असेल, भजनी मंडळ असेल, ब्युटी पार्लर असेल, किंवा बागेत सकाळी फिरणाऱ्या आजी-आजोबांचा कट्टा. मंडळाने तिथवर पोचायचा पूल व्हावं. नावं गोळा करणारं ऑफिस होऊ नये.

म्हणून माझं मत, पत्राला हो म्हणा, पण सही करण्याआधी विद्यापीठाच्या लोकांना समोर बसवून थोडं विचारा. बीपी जास्त निघालेल्या आणि विमा नसलेल्या माणसाला त्याच आठवड्यात औषध कोण देणार? अनुदान संपल्यावर काय? आमची माहिती कोणाकडे राहणार आणि नाव कोणाला दिसणार? समितीत टिफिनवाल्या ताई आणि किराणा दुकानातले काका असतील का, आणि त्यांचा बुडालेला रोज तुम्ही भरून द्याल का? आणि भाषा. 'मसाला'त भाग घ्यायला इंग्रजी, हिंदी किंवा उर्दू यावी लागे, 'सहेली'त त्यात गुजराती आली. फक्त मराठी बोलणारी आजी दोन्हीकडे दाराबाहेर राहिली. संमतिपत्र मराठीत हवं, आणि ते सदाशिव पेठी शासकीय मराठीत नको, आजीला वाचून दाखवलं तर कळेल अशा मराठीत. ते लिहून द्यायला मी आणि माझ्या दोन मैत्रिणी तयार आहोत, तसं मी अध्यक्षांना कळवलं आहे. बैठक पुढच्या महिन्याच्या दुसऱ्या रविवारी आहे.