विश्लेषण : हिमालयात बोगदे का अडतात? भूवैज्ञानिक नकाशातील तुटक रेषा काय सांगते?

उत्तराखंडातील सिलक्यारा बोगद्याचा काही भाग १२ नोव्हेंबर २०२३ रोजी कोसळला आणि ४१ कामगार १७ दिवस आत अडकून पडले. त्यांच्या सुटकेवर भरपूर लिहिले गेले. पण बोगद्यात पुढे कोणता खडक लागणार हे आधी कसे ठरवतात आणि तो अंदाज किती भरवशाचा असतो, हा प्रश्न मागेच राहिला.

सह्याद्रीपेक्षा हिमालय वेगळा कसा?

सह्याद्रीत बेसॉल्टचे थर भाकऱ्यांच्या चवडीसारखे जवळजवळ आडवे आहेत. एका कड्यात दिसणारा थर समोरच्या कड्यातही साधारण त्याच उंचीवर सापडतो. हिमालयाच्या दक्षिणेकडील रांगांत वाळूखडक, चुनखडक असे गाळाचे खडक मोठ्या प्रमाणावर आहेत. तेही मुळात आडवेच साचले होते. भारतीय भूपट्ट आशियाला धडकल्यावर मात्र त्यांना घड्या पडल्या आणि जिथे दाब सोसला नाही तिथे ते तुटून सरकले. घडीला वळी म्हणतात, तर तुटून सरकण्याला विभंग किंवा फॉल्ट.

नकाशा कसा तयार होतो?

भूवैज्ञानिक ओढ्यांत, कड्यांवर, रस्त्यासाठी कापलेल्या दरडींत उघडा पडलेला खडक शोधतो. थर कोणत्या दिशेला आणि किती अंशांनी कलला आहे, हे होकायंत्र आणि क्लिनोमीटरने मोजून नकाशावर नोंदवतो. चालताना थर अ, ब, क, ब, अ अशा क्रमाने लागले, तर ती वळी असण्याची शक्यता मोठी. मधला थर सर्वांत जुना असेल तर घडी कमानीसारखी, सर्वांत नवा असेल तर द्रोणासारखी. क्रम मध्येच तुटला किंवा जुना खडक नव्या खडकावर बसलेला दिसला, तर विभंगाचा संशय येतो.

या नोंदींवरून जमिनीखालचा उभा छेद काढला जातो. त्याची एक परीक्षा सोपी आहे. कागदावर सगळ्या घड्या उलगडून, तुटलेले तुकडे जोडून थर पुन्हा आडवे करायचे. त्यांच्या लांबीचा मेळ बसला नाही, तर कुठेतरी एखादा विभंग नजरेतून सुटला असावा.

चूक झाली तर काय होते?

जम्मूतील कटरा-रियासी भाग याचे ठळक उदाहरण आहे. वैष्णोदेवीच्या त्रिकुटा डोंगरातील चुनखडक ५० कोटी वर्षांहून जुना आहे. रियासी थ्रस्ट या विभंगावरून तो सरकला आणि कितीतरी नव्या, ठिसूळ शिवालिक खडकांवर चढून बसला. अशा पट्ट्यात खडकाचा चुरा झालेला असतो आणि त्यातून पाणी वाहते. उधमपूर-श्रीनगर-बारामुल्ला रेल्वेमार्गाचा कटऱ्याजवळचा सुमारे ३.२ किलोमीटरचा टी-१ बोगदा याच पट्ट्यात पाणी आणि चिखलामुळे वर्षानुवर्षे रखडला. सलग मार्ग खुला व्हायला ६ जून २०२५ उजाडले. या २७२ किलोमीटरच्या मार्गापैकी सुमारे ११९ किलोमीटर बोगद्यांत आहे.

तुटक रेषेचे महत्त्व काय?

नकाशावर जिथे खडकांची सीमा प्रत्यक्ष पाहिली तिथे सलग रेषा असते. माती, झाडी किंवा दरडीखाली ती झाकली गेली असेल तिथे अंदाजाने तुटक रेषा काढतात. तुटक रेषा म्हणजे भूवैज्ञानिकाने प्रामाणिकपणे दिलेला इशारा आहे. मात्र निविदेच्या कागदपत्रांत पोहोचेपर्यंत अंदाजच खात्री होऊन बसतो.

प्रमाणाचा प्रश्नही आहेच. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे देशव्यापी नकाशे १:५०,००० प्रमाणाचे आहेत. ते ‘भूकोश’ पोर्टलवर पाहता येतात. या प्रमाणात नकाशावरचा एक मिलिमीटर म्हणजे जमिनीवरचे ५० मीटर. सिलक्यारात बोगदा अडवणारा ढिगारा सुमारे ६० मीटरचा होता. म्हणजे कामगारांचा जीव ज्या अंतरात अडकला, ते या नकाशावर पेन्सिलीच्या एका जाड रेषेएवढे. असा नकाशा प्रदेश समजून घेण्यासाठी उत्तम आहे, पण बोगद्याची आखणी केवळ त्यावर करता येणार नाही.

मग उपाय काय?

मार्ग ठरण्याआधी मोठ्या प्रमाणावरचा तपशीलवार नकाशा हवा आणि तुटक रेषा जिथे बोगदा ओलांडते नेमकी तिथे विंधनविवरे हवीत. खोदकाम सुरू झाल्यावर प्रत्येक टप्प्याला समोरच्या खडकाची नोंद घेऊन नकाशा सुधारावा लागतो. पुढे काही मीटर आधीच चाचणीचे छिद्र पाडून पाहावे लागते. या कामाला खर्च आणि वेळ लागतो, उद्घाटनाची तारीख पुढे जाते. म्हणूनच त्यासाठीची रक्कम आणि मुदत कंत्राटात स्वतंत्र लिहिलेली असावी, घाईत सर्वांत आधी कापली जाणारी बाब म्हणून नव्हे. तपशीलवार नकाशे कामगारांच्या सुरक्षेसाठी जबाबदार अधिकाऱ्यांच्या हातात असायला हवेत. तुटक रेषेवर काम सुरू आहे हे आत उतरणाऱ्याला माहीत असणे, हा त्याचा हक्क आहे.