ग्रॅमचे वैदू

सायकल जड आहे, एवढं बोलायचा अवकाश, चार तज्ज्ञ भोवती जमतात. एक म्हणतो, कार्बनचं हँडल टाक. दुसऱ्याला सीटपोस्ट खुपतो. तिसरा टायटॅनियमच्या बोल्टांवर प्रवचन झोडतो. चौथ्याला असले फुटकळ उपचार मान्यच नाहीत. त्याच्या मते ही एमटीबी, म्हणजे माउंटन बाइक, भंगारात घालून लाखभराची नवी आणावी, हाच मोक्षमार्ग. पण बाबा रे, तू चालवतोस कुठे, हे चौघांपैकी एकही विचारत नाही.

मी विचारतो. डोंगरात, की कोथरूड ते हिंजवडी?

वजनाचा एवढा धसका कशासाठी? 1976 साली कॅलिफोर्नियात फेअरफॅक्सजवळ ‘रिपॅक’ नावाची उताराची शर्यत सुरू झाली. तिथली मंडळी जुन्यापान्या, वीस किलोच्या घरातल्या श्विन सायकली डोंगरावरून खाली सोडायची. हबमधल्या ब्रेकचं ग्रीस जळून धूर निघायचा, ते पुन्हा भरायचं आणि पुन्हा वर जायचं. माउंटन बाइकचं कुळ हे असं आहे. आजही दगडधोंड्यांत उड्या मारणारी अ‍ॅल्युमिनियमची महागडी एन्ड्युरो सायकल पंधरा किलो भरते, आणि तिच्या मालकाची त्याबद्दल तक्रार नसते. कारण तिचा प्रत्येक किलो काहीतरी काम करतो. राग धरायचा तर निकामी वजनाचा धरा.

आता तुमची सायकल बघू. तिला हातात धरून वजनकाट्यावर उभे राहा, मग एकटे उभे राहा, वजाबाकी करा. सोळा किलो? त्यातले अडीच किलोच्या आसपास एकट्या पुढच्या शॉकचे असतात. आत साधी स्प्रिंग. चढावर उभं राहून पेडल मारा, तो खालीवर डुलतो आणि तुमच्या मांड्यांची मेहनत गिळतो. खड्ड्यात मात्र कण्हतो. हीच वस्तू ‘फ्रंट सस्पेन्शन’ म्हणून छाती फुगवून विकली जाते. आणि विकणाराच चार महिन्यांनी शे-दीडशे ग्रॅम वाचवायला कार्बनचं हँडल पुढे करतो! आधी अडीच किलो गळ्यात मारायचे, मग ग्रॅम-ग्रॅम उतरवायचे पैसे घ्यायचे. हा धंदा ज्याला सुचला त्याच्या निर्लज्जपणाला तोड नाही.

हिशेब करा. पंच्याहत्तर किलोचा माणूस, सोळा किलोची सायकल, वर पाणी. सिंहगडाच्या घाटाला तास लागत असेल, तर अख्खा एक किलो कमी करून जेमतेम चाळीस सेकंद वाचतात. सपाट रस्त्यावर एका वेगाने जाताना तर वजन जवळपास मोजतच नाही. तिथे अडवतो वारा आणि अडवतात टायर. ते दातेरी जाड टायर डांबरावर घूंऽऽ करत फिरतात ना, तो आवाज म्हणजे तुमची वाया जाणारी ताकद. ते काढा. दीड इंची गुळगुळीत टायर घाला आणि बाजूला छापलेल्या मर्यादेत बसेल अशी हवा भरा. सायकल ओळखू येणार नाही. त्याआधी ओव्हरऑइलिंग करून घ्या, छर्रे बदला, रिमचा आऊट काढा; ब्रेक घासत असेल तर टायटॅनियम काय करणार आहे, कपाळ?

एवढ्यावर भागलं नाही तर शॉक काढून साधा लोखंडी फोर्क बसवा, किलो-दीड किलो तिथेच गळतात. पण मापाचाच. आखूड बसवलात तर सायकल पुढे वाकते, हँडल चंचल होतं आणि उतारावर जीव टांगणीला लागतो. ब्रेक डिस्कचा आहे की रिमचा, तेही बघून घ्या. मेकॅनिक ‘चालतंय हो’ म्हणाला तर दुसरा मेकॅनिक गाठा.

आणि इथेच थांबा. फ्रेम तुमच्या उंचीला लहान पडत असेल, मागेही स्वस्तातला शॉक असेल, किंवा मागचा अ‍ॅक्सल वारंवार वाकत असेल, तर त्या सायकलवर आणखी दमडीही घालू नका. विका. रोजचा रस्ता डांबरी असेल तर बिनशॉकची हायब्रिड घ्या. खरोखर डोंगरात घुसणार असाल तर चांगल्या हायड्रॉलिक ब्रेकला आणि हवेच्या फोर्कला पैसे मोजा. ती सायकल जुनीइतकीच जड निघाली तरी घ्या.

दुकानात गेलात की सामानाचा काटा सोबत न्या. माहितीपत्रकात गिअर किती, रंग कोणते, सगळं ठळक असतं. स्वस्त मॉडेलांचं वजन तेवढं बहुधा छापलेलं नसतं. का नसावं? वीस हजार घेता आणि किलो सांगायला जीभ अडते? सायकल काट्याला लटकवा. दुकानदार आठ्या घालेल. घालू दे.