पांढरी फळी आणि एक आकडा: घरातल्या व्यायामखेळांचा इतिहास

१/ आजचा धागा कोणत्याही गडाचा वा तहाचा नाही. तो आहे प्लास्टिकच्या एका पांढऱ्या फळीचा. डिसेंबर २००७ मध्ये ती जपानात विक्रीस आली आणि पुढील काही वर्षांत कोट्यवधी माणसे आपापल्या दिवाणखान्यात, टीव्हीसमोर, अनवाणी पायांनी तिच्यावर उभी राहिली. विषय हसण्यावारी नेण्याजोगा वाटेल. परंतु स्वतःच्या देहाकडे पाहण्याची आपली दृष्टी कशी घडली, हे जाणून घेण्यास ही फळी एखाद्या ताम्रपटाइतकीच उपयोगी आहे, असे माझे मत आहे.

२/ घरी राहून व्यायाम करता येईल का, आणि तो टिकेल का? हा प्रश्न व्हिडिओ गेमपेक्षा बराच जुना आहे. १९२५ साली न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन लाइफ या विमा कंपनीने रेडिओवरून सकाळचे व्यायामवर्ग सुरू केले. यात परोपकार होता, तसा हिशेबही होता. विमेदार जितका अधिक जगेल, तितका कंपनीचा लाभ!

३/ ही कल्पना जपानच्या टपाल विमा खात्याने उचलली. १९२८ साली, सम्राट हिरोहितो यांच्या राज्यारोहणाच्या निमित्ताने, ‘राजिओ ताइसो’ म्हणजे रेडिओ व्यायाम सुरू झाला. युद्धोत्तर काळात तो काही वर्षे बंद पडला आणि १९५१ मध्ये नव्या रूपात परतला. उन्हाळी सुट्टीत मुले सकाळी मैदानात जमत, व्यायाम करत आणि हजेरीच्या कार्डावर शिक्का मारून घेत. हा शिक्का लक्षात ठेवा. तो पुढे पुन्हा भेटणार आहे.

४/ साधारण त्याच काळात आपल्याकडे औंध संस्थानचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी सूर्यनमस्काराचा ध्यास घेऊन बसले होते. साधन नको, आखाडा नको, पुरुषभर जागा पुरे, ही त्यातली सोय. त्यांनी तो संस्थानातील शाळांत आणला, त्यावर ग्रंथ लिहिले. १९३८ साली लंडनहूनही त्यांचे या विषयावरील इंग्रजी पुस्तक निघाले. घरच्या व्यायामाच्या जागतिक इतिहासात औंधचे नाव मानाने घ्यावे लागते.

५/ आता यंत्रांकडे वळू. १९८२ साली अमिगा कंपनीने अटारी २६०० साठी ‘जॉयबोर्ड’ काढला. फळीवर उभे राहून डावीउजवीकडे झुकायचे, की पडद्यावरचा खेळाडू बर्फावरून घसरत जाई. बाजारात तो फारसा चालला नाही. मात्र त्याच फळीवर मांडी घालून हालचाल न करता बसण्याचा खेळ अभियंते आपापसांत खेळत, आणि पुढे अमिगा संगणक बंद पडताना दिसणाऱ्या ‘गुरू मेडिटेशन’ या संदेशाचे मूळ त्यातच असल्याचे सांगितले जाते.

६/ १९८६ मध्ये बांदाईने जपानात पायांनी खेळायची चटई आणली. १९८८ मध्ये निन्टेन्डोने ती ‘पॉवर पॅड’ या नावाने अमेरिकेत विकली. धावण्याच्या शर्यतीत मुले पायांऐवजी हातांनी चटई बडवून जिंकू लागली. लबाडी खरी, पण बोलकी: माणसाला व्यायाम नको होता, विजय हवा होता. १९९८ मध्ये कोनामीच्या ‘डान्स डान्स रेव्होल्युशन’ने हेच ओळखले आणि व्यायामाचे नावही न घेता मुलांना घामाघूम होईपर्यंत नाचवले.

७/ नोव्हेंबर २००६ मध्ये निन्टेन्डोची ‘वी’ आली. तिच्या हातातल्या दांडीत हालचाल ओळखणारा त्वरणमापक होता आणि पुढच्या टोकाला अवरक्त किरण टिपणारा लहानसा कॅमेरा. टीव्हीवर ठेवायच्या ज्या पट्टीला लोक ‘सेन्सर’ म्हणत, तिच्यात खरे तर केवळ दिवे होते. पाहण्याचे काम दांडीच करी. या यंत्राचे १० कोटींहून अधिक नग विकले गेले.

८/ लोक इतक्या आवेशाने खेळले की मनगटाचे पट्टे तुटून दांड्या थेट टीव्हीवर आदळल्या. डिसेंबर २००६ मध्येच कंपनीला सुमारे ३२ लाख पट्टे बदलून देण्याची तयारी दाखवावी लागली. पडद्यासमोर बसून राहणारा माणूस उठून उभा राहिला होता, याचा याहून ठळक पुरावा कोणता?

९/ आणि मग ती फळी. ‘वी फिट’चे जनक शिगेरू मियामोतो यांना रोज वजन करून त्याचा आलेख काढण्याचा छंद जडला होता, खेळाचे बीज त्यात आहे. फळीच्या चार कोपऱ्यांत चार वजनमापक होते, त्यामुळे तुमचा तोल कोणीकडे जातो हे पडद्यावर दिसे. खेळातील योगासनांत चक्क सूर्यनमस्कारही होता. आणि रोजची तपासणी झाली की दिनदर्शिकेवर शिक्का उमटे. रेडिओ व्यायामाच्या कार्डावरचा तोच तो शिक्का!

१०/ येथे माझे पहिले मत मांडतो. या खेळांचे खरे श्रेय त्यांनी किती उष्मांक जाळले यात नाही. ते आहे लाज दूर करण्यात. व्यायामशाळेत चार लोकांपुढे आपले शरीर घेऊन उभे राहणे ज्यांना कधीच जमले नाही, अशी वयस्क, संकोची, स्थूल वा आजारातून उठलेली माणसे या खेळांमुळे दार लावून हातपाय हलवू लागली. पाहणारे कोणी नव्हते. चुकले तरी हसणारे घरचेच होते.

११/ पण त्याच फळीने एक पाहणारा घरात आणला. तो म्हणजे आकडा. वजनाला उंचीच्या वर्गाने भागून येणारा बीएमआय. हे सूत्र बेल्जियमचे संख्याशास्त्रज्ञ अडॉल्फ केटले यांनी १९ व्या शतकाच्या पूर्वार्धात मांडले. त्यांना शोध होता ‘सरासरी माणसा’चा, म्हणजे समूहाचा, एका व्यक्तीचे निदान हा त्यांचा हेतूच नव्हता. त्याला आजचे नाव १९७२ मध्ये अँसेल कीज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिले.

१२/ समूह मोजण्याची पट्टी एकेका देहावर लावली की काय होते, हे २००८ मध्ये ब्रिटनमध्ये दिसले. दहा वर्षांच्या एका मुलीला खेळाने ‘लठ्ठ’ ठरवले. पालक संतापले आणि निन्टेन्डोला दिलगिरी व्यक्त करावी लागली. वाढत्या वयाच्या मुलांचा बीएमआय वय लक्षात घेऊनच पाहावा लागतो; खेळाचा शेरा मात्र तिच्या कानी तत्काळ पडला होता. वर्गासमोर वजनकाट्यावर उभे राहण्याचा प्रसंग ज्यांच्या वाट्याला आला असेल, त्यांना त्या मुलीचे मन निराळे समजावून सांगायला नको. जी लाज दाराबाहेर ठेवली होती, ती खिडकीतून आत आली.

१३/ मग शरीराला लाभ तरी झाला का? लिव्हरपूलच्या संशोधकांनी २००७ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये दाखवले की वीवरील खेळांत बैठ्या खेळांपेक्षा अधिक ऊर्जा खर्च होते, पण खऱ्या मैदानी खेळाइतकी नाही. २०१२ मध्ये ‘पीडिअ‍ॅट्रिक्स’मधील एका अभ्यासात काही मुलांना हालचालीचे आणि काहींना बैठे खेळ दिले गेले. १३ आठवड्यांत दोन्ही गटांच्या एकूण हालचालीत फरक आढळला नाही. घरात खेळ आला म्हणून सवय येत नाही.

१४/ यावरून ‘फसलेला प्रयोग’ असा शिक्का मारणे सोपे आहे. नोव्हेंबर २०१० मध्ये आलेल्या मायक्रोसॉफ्टच्या किनेक्टचे पहिल्या ६० दिवसांत ८० लाख नग विकले गेले, आणि २०१७ मध्ये त्याचे उत्पादनच थांबले. पण फळीची कथा तिथे संपत नाही. २०१० मध्ये ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी तिची तुलना प्रयोगशाळेतील महागड्या तोलमापक यंत्राशी केली, आणि ती विश्वासार्ह ठरली. अल्प किमतीच्या या खेळण्याचा उपयोग मग तोल सावरण्याच्या उपचारांतही होऊ लागला. वस्तूचा इतिहास तिच्या खपाबरोबर संपत नसतो.

१५/ चूक कोणती, हे कंपनीलाही उमगले असावे. ऑक्टोबर २०१९ मध्ये आलेल्या ‘रिंग फिट अ‍ॅडव्हेंचर’मध्ये वजन करणारी फळी नाही. हातात दाबायचे कडे, मांडीला पट्टा आणि समोर एक पिळदार ड्रॅगन. बैठका काढा, म्हणजे ड्रॅगनवर घाव बसतो. २०२० मध्ये जग घरात कोंडले गेले, तेव्हा अनेक देशांत हा खेळ मिळेनासा झाला. पुढे त्याची विक्री दीड कोटींच्या पलीकडे गेली.

१६/ माझे दुसरे मत यातूनच निघते. शंभर वर्षांच्या या प्रवासात टिकला तो रेडिओ व्यायाम, जो कोणाचे वजन विचारत नाही. टिकला तो सूर्यनमस्कार, ज्याला यंत्रच लागत नाही. दोहोंच्या मुळाशी ठरलेली वेळ आहे, आणि बहुधा सोबतही. यंत्र माणसाला उभे करू शकते, हे या फळीने सिद्ध केले. दुसऱ्या दिवशी पुन्हा उभे करण्याचे काम मात्र घरच्यांचे आणि शेजाऱ्यांचे.

१७/ म्हणून एक विनंती. घरातले कोणी खेळाच्या निमित्ताने का होईना, प्रथमच हातपाय हलवू लागले, तर ‘किती कमी झाले?’ असे विचारू नका. ‘उद्या किती वाजता?’ एवढेच विचारा, आणि जमल्यास शेजारी उभे राहा. आणि आपल्या आजी-आजोबांना शाळेतल्या सूर्यनमस्कारांच्या आठवणी जरूर विचारा. त्या खाली लिहिल्यात तर या धाग्याचा पुढचा भाग आपण मिळून लिहू.